ज्योत आणि वळून आलेला वारा

विमानं नवी नवी होती, तेव्हा एका इंजिनाच्या पोटात एक ज्योत राहायची. वारा सुसाट येई आणि तिला विझवून पुढे जाई.

एकदा ऐन ढगांत ती विझली आणि विमान खाली येऊ लागलं. इंजिनातल्या ठिणगीने तिला पुन्हा पेटवलं.

"वारादादा, जरा थांबा!" ज्योत ओरडली.

"मागून रेटा आहे, थांबू कसा?" वारा म्हणाला.

"मग वळून या. मी जागा सोडणार नाही."

वारा आत येई त्या दारातल्या पात्यांनी ते ऐकलं आणि आपली सरळ अंगं तिरकी केली. वारा गरगरत आत शिरला. भोवऱ्याच्या मधोमध त्याचा एक झोत ज्योतीचीच ऊब घेऊन उलटा फिरला आणि तिच्यापाशी परत आला. ती थरथरली, पण टिकली. विमान पुन्हा वर चढलं.

"आज विझली नाहीस?" वाऱ्याने विचारलं.

"आज तुम्ही परत आलात ना!"