दोन डाव्या जोड्यांची जकात

या गोष्टीचा शेवट वळखून दावा, माझी पानाची चंची तुमची. आजवर कुनी जिंकली न्हाई.

आमच्या राजाच्या गावाला एक वेस, वेशीत जकात नाका, नाक्यावर मी नाकेदार. सहीच्या जागी अंगठा, पर मिशी बघून घ्यावी! गावात मोबाइल आला आन् माल वेशीतनं यायचा थांबला. लोक घरी बसून बोट टेकवायचे, खोकं वेस चुकवून मागच्या पानंदीनं थेट दारात. पेठ ओस पडली. अख्ख्या हप्त्यात मी एका बकरीची जकात घेतली, तीबी माझीच बकरी.

राजानं बोलावून घेतलं. "गेनबा, खोक्यांची जकात आठ दिसांत आन. कुनाच्या घरात शिरायचं न्हाई, खोकं फोडायचं न्हाई. जमलं न्हाई तर मिशी उतरून ठेव."

सात दिस झाडावर बसून मी खोकी मोजली. मला विसापतुर येतं, म्हनून वीसच भरली.

आठव्या दिशी मी रिकामाच दरबारात गेलो. न्हावी वस्तरा घासत बसलेला. तवा जोडे शिवणाऱ्या सटवाजीची लेक हौसा उठली. खोक्यांपायी तिच्या बापाचं दुकान बसलं व्हतं.

"जकात मी आनते, महाराज. आधी गेनबाकाकाला चार पावलं चालू द्या."

मी चाललो. वाकडाच.

"जरीचे जोडे, पर दोन्ही डावे," हौसा म्हनली. "तीन म्हैनं बघतीय. काका, परत का न्हाई धाडले?"

कसे धाडनार? मीबी मोबाइलवर बोट टेकवूनच मागवले व्हते. तक्रार केली की जकात बुडवल्याचं उघडं पडतंय. नाकेदारच चोर!

"घरोघरी हेच हाय, महाराज. न बघता घेतलेलं चुकीचं येतंय आन् समदे गप बसत्यात. दवंडी द्या. ज्या मालावर जकातीचा शिक्का, त्यो तुमचा घोडेस्वार बदलून आनंल. बिनशिक्क्याचं ज्याचं त्यानं भोगावं."

राजानं दवंडी दिली आन् दुसऱ्या दिशी नाक्यापासनं तळ्यापतुर रांग. तोकडे सदरे, गळकी घागर, एकाची तर आंधळी दुर्बीण. पैसं हातात धरून लोक माझी जकात आधी घ्या म्हनून भांडत व्हते. दुपारी रांगेत पालखी टेकली. राजा उतरला, त्योबी वाकडा चालत.

हौसानं खाली बघितलं. "दोन्ही उजवे, महाराज."

राजा असा हसला की पागोटं पडलं. त्याचं माप आन् माझं माप एकच निघालं. आमी तिथंच एकेक जोडा बदलला, घोडेस्वार लागलाच न्हाई. तरी हौसानं दोघांकडनं चार-चार आने जकात घेतलीच. राजानं खूश हून नाकाच तिला दिला.

तर राजाला त्यो जोड चार आन्याला पडला. मला पडला नाकेदारीला. मिशी तेवढी राह्यली, आता हौसाच्या शिक्क्याची शाई घोटतो.