उद्या मिळणारा पाळणा

फार जुनी गोष्ट. ओढ्याकाठच्या करवंदीच्या जाळीत धोंडू मुंगूस राहायचा. त्याची बायको गोदा बाळंत व्हायची होती, म्हणून तो पाळणा विणून घ्यायला सुगरणीकडे गेला.

"आठ दिवस लागतील, भावजी," सुगरण म्हणाली.

"आठ दिवस!" धोंडूला ते आठ महिन्यांसारखे वाटले. तेवढ्यात शेजारच्या वडावरून माकड ओरडलं, "माझ्याकडे या! उद्या सकाळी पाळणा दारात!" धोंडूने तिथेच सौदा ठरवला.

दुसऱ्या दिवशी विचारलं, तर माकड म्हणालं, "उद्या नक्की!" मग रोज तेच चाललं. इकडे गोदा बाळंतही झाली. तीन पिल्लं उतारावरून गडगडत ओढ्याकडे जायची आणि धोंडू त्यांना तोंडात धरून वर आणायचा. त्याचा जबडा ठणकायला लागला.

शेवटी तो गोदाला घेऊन, मान खाली घालून सुगरणीकडे गेला.

"आठ दिवस लागतील," ती म्हणाली.

"अहो, मी उद्या देतो!" वडावरून हाक आली.

धोंडू पुन्हा घुटमळला. तशी काखोटीतली पिल्लं सावरत गोदा कडाडली, "ताईंनाच सांगा! त्यांचे आठ दिवस निदान संपतात तरी. या मेल्याचा उद्या काही उजाडत नाही!"