लोखंडी वाळ्याचा धोंडा

आंबेखोलच्या जाखाईदेवीसमोर हा काळा धोंडा आहे ना, त्याला हात लावण्याआधी हातात काय घातलंय ते सांगा. चांदीची अंगठी असेल तर खुशाल लावा. लोखंडाचं काही असेल तर जरा थांबा. मी इथला गुरव. पाहुण्यांचा मला राग नाही, पण भरवसाही चटकन बसत नाही. या जागेवर राहून तसंच होतं.

पूर्वी हा धोंडा चोर पकडायचा, असं सांगतात. ज्याच्यावर संशय येई त्याचं मनगट इथे टेकवायला लावत. अंगावरचं काही काढायचं नाही, असा नेम. धोंड्याने मनगट धरून ठेवलं की तो चोर ठरला आणि त्या हाताला तापल्या सळीचा डाग. धोंडा धरायचा, यात खोटं काही नव्हतं. मात्र तो गुराख्याला धरी, दगडफोड्याला धरी, ज्याच्या हातात लोखंडी कडं त्याला धरी. सोन्याच्या पाटल्या, चांदीचं कडं, तांब्याचं वळं त्याने कधी ओढलं नाही. मोठ्या घरचे लोक देवीसमोर निर्दोष ठरत आणि गावाला ते बरोबरच वाटे.

एका वर्षी देवीचं चांदीचं छत्र नाहीसं झालं. लाडी नावाची घिसाडीण तेव्हा वेशीबाहेर पाल टाकून होती. नवरा वारलेला, पोरं लहान, भाता आणि घण यांवरच पोट. परकी बाई, मग तीच असणार. पाटलांनी तिचं नाव घेतलं आणि कशावरून, हे कुणी विचारलं नाही. लाडीने मनगट टेकवलं. हातातलं लोखंडी कडं खटकन चिकटलं. तिच्याच भट्टीत सळी तापत ठेवली गेली. हा हात गेला तर घण कोण उचलणार, एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत होती म्हणे.

पाटलीणबाई बायकांत उभ्या होत्या. छत्र गेलं त्या दिवशी लाडी दिवसभर त्यांच्याच अंगणात होती. नातवाला दृष्ट लागू नये म्हणून त्याच्या पायातला लोखंडी वाळा घडवत होती. त्याच दिवशी आपले मालक मागच्या दाराने, धोतराच्या सोग्यात काय झाकून आत आले, हेही त्यांच्या मनात सलत होतं. पण चारचौघांत नवऱ्याविरुद्ध बोलायचं कसं? त्यांनी सुनेच्या कडेवरचा नातू घेतला, पुढे आल्या आणि त्याचा पाय धोंड्यावर टेकवला. वाळा चिकटला. पोर रडायला लागलं.

"आदी ह्येला डाग द्या," पाटलीणबाई म्हणाल्या, "मग तिला."

सळी तशीच निवली. मग लोकांनी एकेक वस्तू लावून पाहिली. देवळाची पितळी घंटा, तांब्या, चांदीचं निरांजन, काहीच चिकटेना. विळा चिकटला, कुऱ्हाड चिकटली, दाराचे खिळे चिकटले. धोंडा लोखंड ओढत होता, पाप नव्हे. तोवर कितीतरी हात फुकट जाळले गेले होते. लाडी दुसऱ्या दिवशी पाल उचलून गेली. छत्र मात्र मिळालं नाही.

आजही देवीच्या डोक्यावर छत्र नाही. नवं करून देणारे येतात, गाव घेत नाही. आजही इथे कुणाचं मनगट टेकवत नाहीत. जत्रेला फक्त तान्ह्या बाळांच्या पायात लोखंडी वाळा घालून पाय लावतात. पहिला मान पाटलांच्या घरचा. त्यांच्या बाळाचा पाय चिकटला की सगळे हात जोडतात, आणि बाळाकडे न बघता त्याच्या आजोबाकडे बघतात.