तीन खलाशी, तीन अर्थ

हैबतराव कोतवालाला स्वतःच्या सावलीचाही संशय यायचा. बंदराला परदेशी जहाज लागलं, आणि त्याने दुभाषी नरसू शेणव्याला हेर ठरवून सुभेदारापुढे उभं केलं.

"सरकार, याच्या वहीतला एक शब्द मी तिघा खलाशांना वेगवेगळं बसवून विचारला. रशियाच्या माणसाने 'ग्रामोता' म्हणत जहाजाच्या सनदेवर बोट ठेवलं. एस्टोनियाच्याने 'रामात' म्हणत कुठलंसं पुस्तक दाखवलं. फिनलंडच्याने तर 'रामात्तु' म्हणत आपला धर्मग्रंथच छातीशी धरला! एका शब्दाचे तीन अर्थ? ही यानेच पढवलेली खुणेची भाषा आहे. सुळी द्या याला!"

नरसूने हात जोडले. "शब्दाचं माहेर एकच, सरकार. तीन घरी नांदून त्याने ज्या-त्या घरचं वळण उचललं. आणि मी पढवलं असतं, तर तिघांनी एकच उत्तर दिलं नसतं का? पढवलेली साक्ष आपण काल ऐकलीच. कोतवालसाहेबांनी माझ्याविरुद्ध आणलेले पाचही साक्षीदार शब्दन् शब्द तेच बोलले. खोकलेसुद्धा एकाच जागी!"



सुभेदार सावकाश हैबतरावाकडे वळले. "कोतवाल, त्या पाच जणांनाही जरा वेगवेगळं बसवा पाहू."