कोंडाबाईचे पाच कोंबडे

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात कोंडाबाई नावाची एक बाई कोंबड्या पाळायची. तिच्याकडे चौदा कोंबड्या होत्या आणि एक कोंबडा. गावात कुणी बाळंतीण असो, आजारी असो, अंडी न्यायला माणसं कोंडाबाईच्याच दारात यायची.

एके दिवशी गावचे पाटील कोंबडा काखेत धरून आले. म्हणाले, "कोंडाबाई, हा घे. उंची जातीचा आहे. तुझ्या कोंबड्यांचं भलं होईल."

"पाटील, माझा एक आहे की. तेवढा पुरतो."

"मी एवढा घरून घेऊन आलो आणि तू नाही म्हणतेस?"

पाटलांना नाही कसं म्हणायचं? कोंडाबाईनं कोंबडा ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी वाणी आपला कोंबडा घेऊन आला. "पाटलांचा चालतो, मग माझ्यानं काय घोडं मारलंय?" मग सुतार आला, मग सोनार. पंधरा दिवसांत अंगणात पाच कोंबडे झाले.

पाचही जण दिवसभर भांडायचे. भांडून झालं की कोंबड्यांच्या मागे लागायचे. एकानं सोडलं की दुसरा धरायचा. कोंबड्यांच्या पाठीवरची पिसं गेली, नख्यांनी कातडी सोलली. काबरी नावाची एक कोंबडी तर छपरावर चढून बसली, ती दाणे टिपायलाही खाली येईना. आणि अंडी? पाटीभर मिळायची, ती आता दोन-तीनवर आली.

गावात कुरकुर सुरू झाली. पाटलांनी कोंडाबाईला चावडीवर बोलावलं.

"कोंबड्या नाठाळ आहेत तुझ्या," पाटील म्हणाले. "कोंबडे बघ कसे तुकतुकीत! दोष कोंबड्यांचाच. विकून टाक त्या, दुसऱ्या आण."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. कोंडाबाई उठून घरी गेली. छपरावरून काबरीला उतरवलं, पदरात घेतलं आणि परत चावडीवर आली. सगळ्यांसमोर तिनं काबरीचा पंख उचलला. आत नुसतं लालभडक मांस दिसत होतं.

सोनार हसला. "कोंबडीच ती. तिचं काय एवढं!"

कोंडाबाईच्या अंगाची लाही लाही झाली.

"हसा! रक्त तुमच्या अंगातून येत नाही ना! खाऊन खाऊन माजले कोंबडे, सोलून निघाल्या या, आणि नाठाळ कोण, तर या? चौदा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माझंही चुकलं. तुमचा मान राखायला गेले आणि या मुक्या जिवांना मरायला टाकलं. आता नाही!"

ती तडक घरी गेली. पाटलांचा कोंबडा डालग्यात घातला आणि पाटलांच्या दारात नेऊन ठेवला. आतून पाटलीणबाई धावत आल्या.

"अगं बाई, परत नको आणूस! घरात दोन कोंबडे झाले की कोंबड्यांची पिसं उरत नाहीत. म्हणून तर यांनी तुझ्याकडे धाडला!"

कोंडाबाई जागच्या जागी थिजली. "म्हणजे पाटलांना ठाऊक होतं?"

पाटलीणबाईंनी जीभ चावली. पण शब्द बाहेर पडून गेला होता.

"स्वतःच्या कोंबड्या वाचवल्या आणि माझ्या मरायला सोडल्या," कोंडाबाई म्हणाली. "वर भल्याच्या गोष्टी केल्या. वर चावडीवर बोलावून मलाच दोष दिला!" तिनं डालगं उपडं केलं. कोंबडा पाटलांच्या अंगणात फडफडत गेला. त्याच दिवशी वाण्याचा, सुताराचा आणि सोनाराचा कोंबडाही ज्याच्या त्याच्या घरी पोचला.

कोंडाबाईनं कोंबड्यांच्या जखमांना हळद-तेल लावलं. हळूहळू पाठींवर कोवळी पिसं फुटली. दोन महिन्यांनी पाटी पुन्हा भरू लागली. काबरी मात्र वाचली नाही.

पुढे पाटलांची लेक बाळंतपणाला माहेरी आली. पाटील अंडी मागायला कोंडाबाईच्या दारात आले. कोंडाबाईनं डझनभर अंडी त्यांच्या पिशवीत ठेवली.

"लेकीनं काही केलेलं नाही, तिच्यासाठी न्या. पण पाटील, कोंबड्या नाठाळ आहेत हे तुम्ही भर चावडीवर बोललात. आता खरं काय तेही तिथंच सांगा."

पाटील संध्याकाळी चावडीवर उभे राहिले. मान वर होत नव्हती, तरी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दोष कोंबड्यांचा नव्हता. आमचा होता."

तात्पर्य एवढंच: आपली अडचण दुसऱ्याच्या दारात सोडून वर त्यालाच दोष देणाऱ्याचा मान राखायचा नसतो, त्याला पहिल्याच दिवशी नाही म्हणावं, कारण आपल्या भिडेची किंमत मुक्या जिवांना मोजावी लागते.