कूलरचं थंड पाणी

चौकशी समितीसमोर मॅनेजर सबनीसांनी तक्रारपेटी झोकात उलटी करून दाखवली. "महिनाभर माझ्या केबिनबाहेर होती. एक चिठ्ठी नाही! आमच्याकडे बायकांना कसलाही त्रास नाही."

पॅकिंगमधल्या सुमतीबाई उठल्या. "साहेब, पेटीशेजारीच थंड पाण्याचा कूलर आहे. भर मे महिन्यात आम्ही सगळ्या दोन जिने उतरून नळाचं कोमट पाणी पितो. घसा कोरडा पडला तरी जिथे बाई फिरकत नाही, तिथे चिठ्ठी टाकायला येईल?"

समितीने पेटी नळापाशी हलवली आणि आठवडाभरात ती चिठ्ठ्यांनी भरून गेली.

सुमतीबाईंना मात्र कूलरवर गेलेली, मग नोकरीच सोडून गेलेली नवी पोर कुंदा आठवत राहिली. "पाणी खालीच पी," एवढंच त्यांनी तिला सांगितलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं.