बसलेलं पाखरू

फार जुनी गोष्ट. खोल समुद्रात एक बेट होतं. तिथल्या खडकांवर सुरय पाखरं अंडी घालायची आणि ती पाखरं बघायला लांबून माणसं यायची. बेट जवळ आलं की तांडेल होडीच्या कडेवर वल्हं आपटायचा. सगळा थवा एकदम उठायचा, आभाळ पांढरं व्हायचं, माणसं खूश व्हायची.

एकदा एक दमलेली सुरय होडीवर येऊन टेकली. म्हणाली, "होडीताई, आम्ही उठलो की अंडी उन्हात भाजतात. थांबव ना हे."

"मार मलाच बसतो गं," होडी कण्हली. "पण नुसतं बसलेलं पाखरू बघून कुणाचं मन भरत नाही."

"मग उद्या मी उठणारच नाही."

दुसऱ्या दिवशी वल्हं वाजलं, थवा उठला, ती मात्र अंड्यावर बसून राहिली. "आजारी दिसतंय बिचारं," म्हणत एका पाहुण्याने तिला उठवायला खडा मारला. मग तीही उठली.

पुढच्या वर्षी पाखरं आलीच नाहीत. वल्हं आपटून आपटून तांडेलाचे हात भरून आले. रिकाम्या खडकांकडे बघत एक बाई म्हणाली, "एखादं नुसतं बसलेलं दिसलं असतं, तरी चाललं असतं हो."